खेळ पाहण्यातील गोडी

घाम दुसऱ्याने गाळावा आणि आनंद मात्र काठावर बसलेल्याने लुटावा, हे वरवर विचित्रच वाटते. निकालाच्या उत्सुकतेने लोक जमतात, असे सामान्यतः सांगण्यात येते. परंतु तेवढे कारण पुरे पडत नाही.

इ. स. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्या काळी धर्मवार संघ असत. (१९४६ साली ही पद्धत बंद झाली, हे बरेच झाले.) ख्रिस्ती खेळाडू ‘इतर’ या संघातून खेळत. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. विजय मर्चंट २५० धावांवर नाबाद राहिले. ‘इतरां’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला व फॉलोऑन नशिबी आला. आता निकालाविषयी उत्सुकता ती कसली? आणि तरीही त्या दुसऱ्या डावाची आठवण आजतागायत निघते. सांगलीत जन्मलेल्या विजय सॅम्युएल हजारे या मराठी ख्रिस्ती फलंदाजाने एकट्याने ३०९ धावा काढल्या. संघाच्या एकूण धावा ३८७! सहाव्या गड्यासाठी बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भागी झाली. तीत विवेक यांच्या धावा अवघ्या २१. सामना एक डाव व ६१ धावांनी गेला, तो गेलाच.

मग प्रेक्षकांना मिळाले काय? मला वाटते, पाहणारा नुसता पाहत नसतो. कुस्तीच्या फडात मल्लाने पट काढताच काठावरच्या म्हाताऱ्याचाही खांदा आपोआप पुढे सरतो. दुसऱ्याचे बळ घटकाभर आपल्या अंगात संचारते. शिवाय मैदानावर जे होते ते सर्वांच्या देखत होते. तेथे वशिला चालत नाही आणि निवाड्यासाठी वर्षानुवर्षे तारखा पडत नाहीत. आपल्या शेतकरी बांधवांस याचे मोल सांगावयास नको. त्यांना तर विवेक हजारेही लगेच कळतील: दुसरे टोक धरून, नावलौकिकाची आशा न ठेवता उभा राहणारा भाऊ प्रत्येक घराला हवा असतो.

पुढे १९४७ साली बडोद्यास, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे व गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली. तो विक्रम २००६ पर्यंत अबाधित होता, आणि बडोद्याने सामनाही जिंकला. तथापि मुलांना क्रिकेटची गोष्ट सांगावयाची झाली की मला मुंबईतली ती हारच अगोदर आठवते.