रानभाजी : प्रवाद आणि वस्तुस्थिती

रोहिणी सरून मृग लागण्याच्या सुमारास ठाणे, पालघर, रायगडकडील बाजारांत डोंगरातल्या बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसू लागल्या, म्हणजे नागर मंडळींत दोन परस्परविरुद्ध प्रवाद एकाच वेळी कानी येतात : रानात आपसूक उगवलेले ते निर्दोष असलेच पाहिजे, हा एक, आणि जिने घसा खाजतो ती भाजी विषारीच, हा दुसरा. दोन्ही सरसकट नामंजूर करण्याजोगे आहेत.

खाजेचा मामला आधी घेऊ. शेवळे सुरणाच्या कुळातले. सुरण-अळवाप्रमाणेच त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात व तेच घशात रुततात. म्हणून जाणती गृहिणी वरचे आवरण सोलते, आतल्या दांड्याच्या बुडाकडचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकते, उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतते, आणि शेवळांच्या शेजारीच विकायला ठेवलेली काकडे, म्हणजे ती लहान, हिरवी, आंबट फळे, ठेचून त्यांच्या रसात भाजी सावकाश शिजवते. काकडे न मिळाली तर चिंच चालते. आंबटाशिवाय मात्र शेवळाच्या वाटेस जाऊ नये.

यावरून शिजवले की सारे निर्विष होते, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो प्राणावर बेतेल. कळलावीचा कंद रताळ्यासारखा दिसत असल्याने फसगत होते, आणि त्यातील कोल्चिसिन हे विष उकळूनही नाहीसे होत नाही. कडू कारांदा खाणारे लोकसुद्धा नुसत्या उकडण्यावर विसंबत नाहीत. काप करून, राखेच्या पाण्यात उकडून, ते वाहत्या पाण्यात ठेवण्याची त्यांची रीत आहे.

पाखरे खातात ते माणसालाही चालते, ही समजूत तितकीच पोकळ. ज्याच्या बियांत स्ट्रिक्निन असते त्या काजऱ्याची फळे धनेश खुशाल खातो.

टाकळ्याची ओळख सोपी, असेही म्हणतात. टाकळ्याच्या पानाला बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात व त्यांची टोके गोलसर. त्याचाच भाऊबंद कासविंदा, त्याला जोड्या अधिक आणि टोके निमुळती. भेद एवढाच, परंतु पश्चिम उत्तर प्रदेशात मेंदू, यकृत व स्नायू यांच्या एकाएकी उद्भवणाऱ्या विकाराने लहान मुले दगावत, त्याचे मूळ कासविंद्याच्या बिया खाण्यात असल्याचे वैद्यकीय तपासात निष्पन्न झाले. तेव्हा अनोळखी पाला चित्रावरून खुडण्यापेक्षा जी बाई तो वर्षानुवर्षे विकते तिच्याकडून घ्यावा, आणि कसा रांधावा हेही तिलाच विचारावे. त्या माहितीचे ती वेगळे दाम घेत नाही.

राहिला रानभाजी म्हणजे दुष्काळातले अन्न हा आक्षेप. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी शेवळांत कोलंबी पडते, आणि हंगामाच्या तोंडाशी मुंबईच्या बाजारात जुडीचा भाव ऐकून पुष्कळांना पिशवी घडी घालून परतावे लागते.