संप्रेरकांचे उपचार: मात्रा, वेळ आणि सिस्टर

नर्सिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींच्या वहीत अंतःस्रावी ग्रंथींचं प्रकरण बहुधा एका तक्त्यात मावलेलं असतं. थायरॉईड वाढलं तर धडधड, घाम, वजन घटणं. कमी झालं तर सुस्ती, थंडी, बद्धकोष्ठता. तक्ता पाठ होतो, गुणही मिळतात. मात्र या आजारांत औषधाचं नाव ठाऊक असून भागत नाही. मात्रा, वेळ किंवा क्रम चुकला तर जीव वाचवणारं औषधच घात करतं, आणि ते सांभाळायचं काम वॉर्डात सिस्टरच करतात.

इन्सुलिनचंच पाहा. 11 जानेवारी 1922 रोजी टोरोंटोत 14 वर्षांच्या, मधुमेह असलेल्या लिओनार्ड थॉम्पसनला बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला अर्क टोचला गेला. शुगर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध होता. उपचार थांबवावा लागला. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि 23 जानेवारीला पुन्हा दिल्यावर मुलगा सावरू लागला. तोवर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस ढकलण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं.

आज इन्सुलिन तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळतं, पण एक धोका कायम आहे. आपल्याकडे बाटलीत बहुधा मिलिलिटरला 40 युनिटचं इन्सुलिन असतं, पेनमध्ये 100 युनिटचं. काही बाटल्याही 100 च्या येतात. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. 100 च्या बाटलीतलं औषध 40 च्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर पोटात 50 युनिट जातात. उलट घोटाळा झाला तर 20 ऐवजी 8 जातात आणि शुगर का उतरत नाही, हे कुणालाच कळत नाही. माझ्या मते हे गणित प्रत्येक प्रश्नपत्रिकेत असायला हवं.

मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसमध्ये क्रमाला फार महत्त्व आहे. रुग्ण खोल, वेगाने श्वास घेतोय, तोंडाला फळासारखा वास येतोय, शुगर चारशे-पाचशेच्या घरात. अशा वेळी हात आधी इन्सुलिनकडे जातो. पण शरीर कोरडं पडलेलं असतं, म्हणून आधी सलाईन. मग पोटॅशियमचा रिपोर्ट. ते 3.3 च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबतं आणि पोटॅशियम आधी दिलं जातं. कारण इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. शिरेतून चालवायचं ते साधं, पाण्यासारखं स्वच्छ रेग्युलर इन्सुलिन. गढूळ दिसणारं कधीच नाही.

थायरॉईडचा उपचार इन्सुलिनहूनही जुना. 1891 मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका बाईला टोचला. त्या उपचारावर ती पुढे 28 वर्षं जगली. आज थायरॉक्सिनची इवलीशी गोळी पहाटे उपाशीपोटी घेतात. तिच्याबरोबर लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी घेतली तर ती नीट शोषली जात नाही. मध्ये चार तास जायला हवेत. गलगंडाच्या बाबतीत देशाला मोठं यश मिठाने मिळवून दिलं. कांगडा खोऱ्यात 1956 पासून रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा परिणाम सिद्ध केला आणि 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

थायरॉईड काढल्यानंतरची पहिली रात्र मात्र पूर्ण सिस्टरच्या हाती असते. ड्रेसिंग समोरून कोरडं दिसलं तरी हात मानेमागे घालून पाहायचं, कारण रक्त मागे ओघळतं. आवाज बसतोय का, श्वासाला घरघर आहे का? ओठांभोवती मुंग्या येत असतील तर शेजारच्या पॅराथायरॉईड ग्रंथी दुखावल्या असाव्यात आणि कॅल्शियम उतरत असावं. बीपीचा पट्टा आवळल्यावर पंजा आखडला तर शंका बळावते. म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट आणि ट्रेकिओस्टोमीचा ट्रे खाटेशेजारी तयार ठेवतात.

पिट्युटरीच्या पाण्याच्या विकारांत, म्हणजे लघवी अमाप होणं किंवा पाणी अंगात साठणं, रोजचं वजन आणि इनटेक-आउटपुटचा तक्ता प्रामाणिकपणे भरणं हीच खरी सेवा.

सर्वांत जास्त काळजी मला स्टेरॉईडची वाटते. ॲडिसन यांनी 1855 मध्ये अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्यावर काय होतं ते लिहून ठेवलं. याच ग्रंथीशी निगडित कॉर्टिसोन या स्टेरॉईडवरच्या कामाला 1950 चं नोबेल मिळालं. पण बाहेरून दीर्घकाळ स्टेरॉईड घेतलं की आपली ग्रंथी काम सोडते. अशा वेळी गोळी अचानक बंद केली, तर साध्या तापातही बीपी कोसळून रुग्ण दगावू शकतो. सांधेदुखीवर चिठ्ठीविना मिळालेल्या पुड्यांत आणि गोळ्यांत हे औषध असू शकतं, आणि घेणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. म्हणून दाखल होणाऱ्या प्रत्येकाला ‘दुखण्यावर काय घेत होता, केव्हा बंद केलंत?’ हे सिस्टरनी विचारायलाच हवं.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर आज बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा ताडून पाहा. आणि स्टेरॉईडची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती एक दिवसही बंद करू नका.