कुंपणावरून बागेत

गगनबावड्यात करवंद मुद्दाम कुणी लावत नसे. जांभ्याच्या सड्यावर, जिथे वीतभरही माती नाही, तिथे जाळ्या आपसूक उगवत. चार महिने धो धो पाऊस झेलायचा आणि उरलेले आठ कोरडे काढायचे, हे या झुडपालाच जमतं. शेतकऱ्याने त्याला एकच काम दिलं होतं, बांधावर उभं राहून गुरं अडवायचं. मुलांचं काम वेगळं: फळ दाताने फोडून आत कोंबडा (लाल गर) निघतो की कोंबडी (पांढरा) ते बघायचं.

वैद्यांनी मात्र त्याला फार पूर्वीच हेरलं. चरकसंहितेतल्या दहा हृद्य द्रव्यांत आंबा-डाळिंबाबरोबर ‘करमर्द’ आहे. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधी ग्रंथातही करवंद येतं. हल्ली सरबताच्या बाटलीवर ‘रक्तवर्धक’ छापतात; त्याची हमी मी देणार नाही. कच्च्या फळात पेक्टिन भरपूर, म्हणून जेली छान धरते, एवढं मी खात्रीने सांगेन.

जाळीवर गदा आणली ती तारेच्या कुंपणाने. बांधावरचं काम गेलं, तशी ती नुसती अडचण ठरली. कुंभी नदीच्या खोऱ्यात ऊस वर सरकला, उन्हाळी वणव्यांनी सडे होरपळले, रस्ता रुंदावला. घाटमाथ्यावर पानांच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या बायकांचं गिऱ्हाईक म्हणजे येणारी-जाणारी वाहनं. जानेवारी 2024 मध्ये काँक्रीटीकरणासाठी गगनबावड्याहून उतरणारा करूळ घाट बंद झाला आणि ऐन हंगामात ती वाहनं भुईबावडा आणि फोंडा घाटांकडे वळली.

दरम्यान दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हा मोठ्या फळाचा वाण दिला आणि करवंद लावायचं पीक झालं. लाड फारसे लागत नाहीत. बी सुकलं की उगवण घटते, म्हणून फळातून काढल्यावर लगेच पेरायचं. रोप पावसाळ्यात उताराला लावायचं, कारण दुष्काळ सोसणारं हे झाड मुळाशी तुंबलेल्या पाण्याने मरतं. पहिली दोन वर्षं गवत काढायचं, भोवती जाळपट्टा ठेवायचा. फळं उतरली की मेलेल्या, दाटलेल्या फांद्या छाटायच्या.

खरी अडचण तोडणीची. दुहेरी काटे, बोटांना चिकटणारा चीक आणि एकेक करून पिकणारी फळं. वळवाचा पाऊस झाला की पिकलेली फळं टिकत नाहीत. हे काम अजून हातानेच होतं, आणि करवंदाचा भाव सांगताना तोडणीची मजुरी सहसा कुणी धरत नाही.