पेपरमिंट ग्रोव्ह : जमिनीचे मोल आणि स्थिर लोकवस्ती

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ व फ्रीमँटल यांच्या दरम्यान, स्वान नदीच्या काठी पेपरमिंट ग्रोव्ह हे उपनगर वसले आहे. क्षेत्रफळ जेमतेम १.१ चौरस किलोमीटर; २०२१ च्या जनगणनेनुसार वस्ती सुमारे १,६००. आपल्याकडील एखाद्या लहान खेड्याएवढीच! तथापि १८९५ पासून येथे स्वतंत्र स्थानिक संस्था आहे, आणि जमिनीच्या भावाचे मर्म बव्हंशी त्यात आहे. भूखंड किती लहान असावा, इमारत किती उंच चढवावी, हे ठरविण्यात राज्य सरकारबरोबर या संस्थेचाही हात असतो. लोहखनिजाच्या उत्पन्नाबरोबर पर्थमधील धनिकांची मागणी वाढते. घरे मात्र वाढत नाहीत. परिणामी वाढतो तो केवळ भाव. पूर्वी घर घेतलेले तेथेच वृद्ध होतात. त्यांच्या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकाला तेथे बिऱ्हाड करणे वेतनावर अशक्यप्राय असते. अशा ठिकाणी किंमत घराची नसून जागेची असते. एका भारतीय उद्योगपती दांपत्याचा येथील अपूर्ण प्रासाद स्थानिक संस्थेच्या आदेशानंतर २०१६ मध्ये पाडण्यात आला. बांधकाम भुईसपाट झाले. नदीकाठचा भूखंड तेवढा उरला.