छत्तीस क्लिक, बावीस बिऱ्हाडं

फोनमध्ये हजारो फोटो पडून असताना मोजून छत्तीस फोटोंसाठी बाबांच्या जमान्यातला कॅमेरा गळ्यात अडकवून कुणी का फिरावं? आणि वर ते रंगीत रोल घरच्या किचनमध्ये धुवायचे? येडेपणाच! पण ऐका तर खरं...

काउंटरवर ३६ आला. सवयीने लिव्हर ओढला तर ३७! छत्तीसच्या रोलमध्ये एखादी फ्रेम जास्तीची मिळते, त्यामुळे मी खूश. ३८. अरे वा, बोनस! ३९... ४०... एक्केचाळिसाव्या क्लिकला मात्र पोटात गोळा आला. मागचं झाकण उघडलं. फिल्मचं टोक स्पूलच्या खाचेतून निसटलेलं आणि अख्खा रोल डबीत जसाच्या तसा. काउंटरचं काय, फिल्म सरको न सरको, लिव्हर ओढला की तो आपला पुढे पळतो. दोन तास मी हवेचे फोटो काढत होते!

ही गोष्ट मे २०२४ची. गिरगावातली आजीची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेली. महिनाअखेरपर्यंत बावीसच्या बावीस बिऱ्हाडांनी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. माझा फंडा क्लीअर होता. एक रोल, छत्तीस फ्रेम्स, प्रत्येक बिऱ्हाडाचा निदान एक रंगीत फोटो.

रडवेल्या आवाजात बाबांना फोन लावला. ते हसायलाच लागले. "रिवाइंडचा नॉब फिरतोय का, ते बघितलं नाहीस ना? अगं, तुझ्या आत्याच्या साखरपुड्याचे फोटो अल्बममध्ये का नाहीत, असं तुला वाटतं?"

घ्या! म्हणजे हे आमच्या घराण्यातच आहे.

एक बरं, रोल वाया गेला नव्हता. तोच पुन्हा लावला आणि वरच्या मजल्यापासून परत सुरुवात केली. पण पहिल्या मजल्यावरच्या काकांचं बिऱ्हाड त्या सकाळीच हललं होतं. टेम्पोत पाटा-वरवंटा चढवताना मागे वळून बघणारे काका मी टिपले होते... म्हणजे, तसं मला वाटलं होतं. तो फोटो माझ्या डोक्यात आहे, फिल्मवर नाही. फोनवर काढला असता तर निसटला नसता, हे शंभर टक्के मान्य. फिल्मचं गुणगान गाताना हा हिशेब लपवायचा नाही.

बाबांची याशिका

तर हे धूड म्हणजे याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. १९७३ साली आलेलं जपानी मॉडेल. बाबांच्या काकांनी आखातातून येताना आणलेलं. लेन्सवर दिमाखात 'कलर-याशिनॉन' असं लिहिलेलं. एफ १.७ची लेन्स, त्यामुळे चाळीच्या अंधाऱ्या जिन्यातही फोटो काढायची हिंमत होते. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक छोटा पिवळसर चौकोन दिसतो. त्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा. रिंग फिरवत त्या एकावर एक आणायच्या. जुळल्या की फोकस पक्का. अॅपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो. लाल बाण लागला तर उजेड जास्त, पिवळा लागला तर कमी, हात हलू द्यायचा नाही.

जुन्या कॅमेऱ्याचे नखरेही असतात. याची मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनतच नाही. मी अडॅप्टर लावून सहा व्होल्टची छोटी बॅटरी वापरते. झाकणाच्या कडेचा फोम वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. फोर्टातल्या एका रिपेअरवाल्याने तो खरवडून नवा बसवून दिला. नाहीतर फटीतून उजेड शिरून फोटोंवर केशरी पट्टे उमटतात.

पण खरी गंमत माणसांची. फोन रोखला की लोक पटकन दोन बोटं दाखवून मोकळे होतात. याशिका बघून मात्र कुणी केस विंचरले, कुणी साडी बदलून आलं. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा तर टीव्ही बंद करून खुर्चीत ताठ बसले. मागे स्क्रीन नसल्यामुळे 'दाखव दाखव'ची भानगड नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, "कधी मिळणार?"

शेवटच्या फ्रेमला पहिल्या मजल्यावर आले. काकांच्या दाराला कुलूप. नावाची पाटी काढून नेलेली. त्या कुलुपबंद दाराचाच फोटो घेतला. या खेपेला काउंटर ३६वर अडला.

किचनमध्ये रंग

कलर फिल्म घरी धुता येते हे ऐकून आई हादरलीच. "माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही," अशी तंबी मिळाली आणि ती योग्यच होती. ही केमिकल्स स्वयंपाकाच्या भांड्यांत कधीच घ्यायची नसतात.

कलर निगेटिव्ह धुण्याची पद्धत सगळीकडे एकच, सी-४१. कोडॅकने ती १९७२मध्ये आणली आणि आजही तीच चालते. डेव्हलपरचं तापमान ३७.८ डिग्री सेल्सिअस, म्हणजे माणसाला कणकण असावी इतपत. वेळ तीन मिनिटं पंधरा सेकंद. ब्लॅक अँड व्हाइट धुताना थोडं इकडेतिकडे खपून जातं. इथे तापमान हललं की रंग हलले! मग बादलीत कोमट पाणी, त्यात केमिकलच्या बाटल्या आणि हातात थर्मामीटर. मुंबईच्या मे महिन्यात नळाचं पाणीच अर्धं काम करतं, हा उकाड्याचा एकमेव फायदा.

आत नेमकं काय घडतं? फिल्मवर निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला दाद देणारे थर असतात. डेव्हलपर उजेड लागलेल्या कणांची चांदी करतो आणि तिच्या सोबतीने प्रत्येक थरात आपापला रंग तयार होतो. मग ब्लीच आणि फिक्सर (घरगुती किटमध्ये दोन्ही एकत्र, 'ब्लिक्स') सगळी चांदी काढून नेतात. फोटो ज्या चांदीच्या जिवावर उमटला ती धुऊन जाते, मागे राहतो फक्त रंग. क्रम चुकला आणि ब्लिक्स आधी पडलं तर खेळ खल्लास.

टाकी उघडून ओली पट्टी उजेडात धरली तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. नारिंगी फिल्मवर उलट्या रंगांतली चाळ. सगळी! बाथरूममध्ये चिमटे लावून वाळत घातली आणि आईला हाका मारत सुटले.

फिल्म संपली म्हणता म्हणता...

खरं तर फिल्मचं कधीच संपायला हवं होतं. रघुवीर सिंग यांनी ज्या कोडाक्रोम फिल्मवर भारताचे रंग टिपले, ती २००९मध्ये बंद झाली. २०१२मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि २०२४मध्ये? पेंटॅक्सने चक्क नवाकोरा फिल्म कॅमेरा काढला, पेंटॅक्स १७!

मला विचाराल तर कारण साधं आहे. रोल संपतो. फोनमधले फोटो संपत नाहीत, म्हणून ते बघायची, निवडायची, कुणाला द्यायची वेळच येत नाही. रोल संपला की धुवावा लागतो, धुतला की प्रिंट काढावीशी वाटते, प्रिंट निघाली की ती पोचवावी लागते. मी बोरिवली, डोंबिवली, विरार असं हिंडून एकवीस घरी प्रिंट्स दिल्या. दोन आउट ऑफ फोकस होत्या, तरी त्या घरांनी आनंदाने ठेवून घेतल्या.

बाविसाव्या घरी, काकांकडे, मी भीतभीतच गेले. टेम्पोचा फोटो गेला ते सांगून टाकलं आणि कुलुपबंद दाराची प्रिंट पुढे केली. काका बराच वेळ बघत राहिले. भिंत धुरकट पिवळी पडलेली, पण पाटीच्या जागी एक चौकोन लख्ख पोपटी.

"हा रंग मी स्वतः लावला होता," ते म्हणाले, "लग्नाच्या आधल्या आठवड्यात." मग आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "अगं, बाहेर ये. तुला काय दाखवतो बघ."

सुरुवात करताय?

* आधी घरातली कपाटं उपसा. आईबाबांचा कॅमेरा सापडला तर निम्मा खर्च वाचला.
* पहिल्या रोलसाठी २०० किंवा ४०० आयएसओची साधी कलर निगेटिव्ह घ्या. तिला थोडा जास्त उजेड चालतो, कमी उजेडात रंग मळकट होतात.
* मीटर बंद असेल तर कडक उन्हात एफ १६ ठेवा आणि शटर स्पीड आयएसओच्या जवळचा. २०० आयएसओला १/२५० सेकंद.
* पहिले दोन-चार रोल लॅबमध्ये धुवा. घरी धुणार असाल तर हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. वापरलेल्या ब्लिक्समध्ये चांदी असते, ते मोरीत ओतू नका.
* आणि हो, रोल लावल्यावर लिव्हर ओढताना डावीकडचा नॉब फिरतोय ना? पुन्हा एकदा बघा. प्लीज!