गोट्यांच्या भरवशावरचं गाव

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन नावाचा परगणा आहे, मुलांनो. तिथे स्टार्ट पॉइंट नावाचं एक भूशिर थेट समुद्रात घुसलंय. १८३६ सालापासून त्याच्यावर दीपगृह आहे. त्या भूशिराच्या आडोशाला, पूर्वेकडे तोंड करून, हॉलसँड्स नावाचं मच्छीमारांचं गाव होतं. होतं म्हणतो, कारण आज तिथे पडक्या भिंतींखेरीज फारसं काही उरलेलं नाही. ते कसं गेलं, ती गोष्ट आज सांगतो. गोष्ट गावाची आहे, पण तिच्यात खरं काम आहे ते गोट्यांचं. तेव्हा त्यांच्याकडे नीट लक्ष ठेवा.

गाव लहानसंच. १८९१च्या शिरगणतीत ३७ घरं आणि १५९ माणसं. गोड्या पाण्याचा एक झरा आणि 'लंडन इन' नावाची एक खानावळ. मागे उभा कडा, पुढे समुद्र आणि दोहोंच्या मधे खडकाचा एक अरुंद पट्टा. सगळी घरं त्या पट्ट्यावर दाटीवाटीने बसवलेली. घरांच्या पुढे भलीमोठी पुळण पसरलेली होती. आपल्याकडे असते तशी वाळूची नव्हे, गोट्यांची. मुठीत सहज मावतील असे गुळगुळीत, गोल गोटे.

गावातले लोक खेकडे पकडायचे. काड्यांचे विणलेले सापळे होडीत घालून पहाटे निघायचे आणि परत आले की होड्या पुळणीवर ओढून ठेवायचे. समुद्र खवळलेला असला की होडी काठाला लावणं महाकठीण. त्यासाठी त्यांनी न्यूफाउंडलंड जातीची दांडगी कुत्री पाळली होती. कुत्रं लाटांत उडी घ्यायचं, होडीपर्यंत पोहत जायचं, दोराचं टोक तोंडात धरून काठावर आणायचं. मग सगळं गाव, बायकापोरांसकट, तो दोर ओढायला लागायचं.

आता मला सांगा, समुद्र इतक्या जवळ असूनही गाव टिकलं कसं? उत्तर त्या गोट्यांमध्ये आहे. उद्या एक प्रयोग करून बघा. एका ताटलीत बारीक, ओली वाळू थापा. दुसरीत खडी पसरा. दोन्ही ताटल्या थोड्या कलत्या ठेवा आणि खालच्या बाजूने वर जाईल असं पाणी जोरात फेका. वाळूवरचं पाणी वर जाईल आणि जवळजवळ तेवढंच धावत खाली येईल, येताना वाळूही घेऊन येईल. खडीवरचं पाणी मात्र दिसेनासं होईल. फटीफटींतून ते आत झिरपलेलं असेल.

गोट्यांच्या पुळणीवर हेच होतं. लाट वर चढताना तिच्यात जोर असतो, त्या जोरात ती गोटे वर ढकलते. परत फिरेपर्यंत तिचं बरंचसं पाणी फटींतून खाली गेलेलं असतं. ढकललेले गोटे मागे ओढून न्यायला तिच्यात पुरेशी ताकद उरत नाही. म्हणून लाटांच्याच हाताने गोट्यांचा उंच बांध रचला जातो. वादळ आलं की लाटा त्या बांधावर आपटतात, गोटे इकडचे तिकडे होतात, आणि या घुसळणीत लाटांचा जोर संपतो. घरांपर्यंत पोचतो तो फक्त आवाज.

मग १८९६ साल उजाडलं. जवळच्या प्लिमथ शहरात, कीहॅम इथे, नौदलाची गोदी वाढवायची होती. गोदीला काँक्रीट लागतं, काँक्रीटला खडी लागते. सर जॉन जॅक्सन नावाच्या मोठ्या कंत्राटदाराच्या कंपनीला हॉलसँड्स आणि शेजारच्या बीसँड्स गावांसमोरचे गोटे काढायचा सरकारी परवाना मिळाला. १८९७च्या एप्रिलमध्ये ड्रेजर आले आणि उपसा सुरू झाला. दिवसाला १६०० टनांपर्यंत गोटे निघायला लागले.

मच्छीमारांनी तक्रार केली. चौकशी झाली. साहेब लोकांचं म्हणणं असं पडलं की काळजीचं कारण नाही, काढलेले गोटे समुद्र पुन्हा आणून टाकेल. मच्छीमारांच्या त्रासाबद्दल कंपनीने वर्षाला १२५ पौंड द्यायचं कबूल केलं आणि ड्रेजर चालू राहिले.

तुम्ही म्हणाल, "आजोबा, पण समुद्र आणून टाकतोच की! पावसाळ्यात आपली पुळण खचते, खालचे खडक उघडे पडतात. दिवाळीनंतर बघावं तर सगळी वाळू परत जागेवर!" अगदी बरोबर. पावसाळ्याच्या मोठ्या लाटा वाळू काढून नेतात, पण फार लांब नाही. किनाऱ्यासमोरच पाण्याखाली तिचे उंचवटे साठतात. समुद्र शांत झाला की लहान लाटा तीच वाळू पुन्हा वर आणतात. म्हणजे वाळू हलते, पण किनाऱ्यापाशीच राहते. ती बोटीत भरून दुसऱ्या गावी नेली तर समुद्र परत काय आणणार?

हॉलसँड्सच्या गोट्यांचं तर आणखी एक गुपित होतं. त्यातले बहुतेक गोटे चकमकीचे. आणि गावामागचा कडा मात्र पापुद्रे सुटणाऱ्या, चमकदार शिस्ट खडकाचा. त्या कड्यात चकमक औषधालाही नाही! मग हे गोटे आले कुठून?

त्यासाठी फार मागे जायला हवं. डायनोसॉर होते त्या काळात युरोपच्या मोठ्या भागावर उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी सूक्ष्म जिवांच्या कवचांचा पांढरा गाळ साठत गेला, त्याचा खडू झाला. त्याच समुद्रातल्या स्पंजांच्या सांगाड्यांतून सिलिका सुटली आणि खडूच्या थरांत तिचे कठीण गोळे बनले. तीच ही चकमक. पुढे खडू झिजला, चकमक उरली.

मग हिमयुग आलं. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. आज इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधे जी खाडी आहे, तिच्या तळावरून तेव्हा माणूस चालत जाऊ शकला असता. त्या उघड्या तळावर चकमकीचे गोटे विखुरलेले होते. बर्फ वितळलं, समुद्र चढू लागला आणि चढता चढता हजारो वर्षं गोटे पुढे लोटत आला. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी पाण्याचं चढणं मंदावलं. गोटे जिथे पोचले तिथे थांबले. आणि मागून नवे गोटे यायचे, तेही बंद झाले.

एखाद्या घरात वाडवडिलांनी पुरलेला मोहरांचा हंडा असावा, तसं हे धन होतं. उकरून खर्च केलं की संपलं. भर घालणारं कुणी नाही. पुढच्या काळात शास्त्रज्ञांनी स्टार्ट बे हा सगळा उपसागर अभ्यासला, तेव्हा ही गोष्ट पक्की झाली. ड्रेजरने पाडलेले खड्डे समुद्राने भरले, हे खरं. पण भरले ते गावासमोरच्याच पुळणीवरचे गोटे खाली ओढून.

१९०० सालापर्यंत पुळण ७ ते १२ फुटांनी खाली गेली होती. गावकऱ्यांनी खासदाराकडे गाऱ्हाणं नेलं, अधिकारी पुन्हा पाहणीला आले, आणि १९०२च्या जानेवारीत परवाना रद्द झाला. तोवर साडेसहा लाख टन गोटे निघून गेले होते. १० टनांचा एक ट्रक धरला, तर ६५ हजार ट्रक!

आता थोडं गणित ऐका. लाट किती उंच राहू शकते, हे पाण्याच्या खोलीवर ठरतं. लाटेची उंची खोलीच्या साधारण पाऊण पट झाली की ती फुटते. पुळण उंच होती तेव्हा घरांसमोर पाणी उथळ असायचं, मोठ्या लाटा लांबवरच फुटून जायच्या. पुळण खचली, पाणी खोल झालं, आणि त्याच लाटा न फुटता थेट भिंतींपर्यंत येऊ लागल्या. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. म्हणजे पुळण काही फूट उतरली, पण घरांवर बसणारा मार कितीतरी पटींनी वाढला.

१९०३मध्ये काही घरं पडली. मग काँक्रीटचे बंधारे बांधले. प्लिमथचे अभियंते रिचर्ड हॅन्सफर्ड वर्थ यांनी पुळणीची मापं घेतली, फोटो काढले, सगळं लिहून ठेवलं. पण बंधारा पाणी गिळत नाही, आपटून मागे फेकतो, आणि त्या माऱ्याने त्याच्या पायथ्याची पुळण आणखी खचते.

२६ जानेवारी १९१७. पूर्वेकडून सोसाट्याचा वारा आणि त्यातच उधाणाची मोठी भरती. गावाचं तोंडही नेमकं पूर्वेकडे. बंधारे फुटले, लाटा घरांत शिरल्या. अंधारात माणसं लेकराबाळांना घेऊन कड्यावर चढली. सगळ्यांचे जीव वाचले, हे नशीब. पण ते वर्ष संपेपर्यंत राहण्याजोगं एकच घर उरलं होतं. नुकसानभरपाईसाठी गावकऱ्यांना सात वर्षं भांडावं लागलं. एलिझाबेथ प्रेटीजॉन नावाची एक बाई मात्र गाव सोडून गेली नाही. कोंबड्या पाळून ती त्या उरलेल्या घरात राहिली, १९६४ साली वारली तोपर्यंत.

हॉलसँड्सला समुद्राने गिळलं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. समुद्र पूर्वीही तसाच होता आणि गाव त्याच्यासमोर सुखाने नांदत होतं. त्या दोघांमधलं जे होतं ते माणसांनी फुकटचं समजून उचलून नेलं. आणि पुळणीवर ज्यांचा सगळा जन्म गेला, ज्यांना ती खाली उतरताना डोळ्यांनी दिसत होती, त्यांचं ऐकलं गेलं ते फार उशिरा.

आपल्या देशात १९९१ सालच्या किनारा नियमन अधिसूचनेने किनाऱ्यावरची वाळू उपसण्यावर बंदी घातली. कायदा आहे, पण तो पाळला जातो की नाही, हे बघणारे डोळे गावातलेच लागतात. कोकणातली पुळण नद्यांनी आणलेल्या वाळूची आणि शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची बनलेली असते. त्यात भर पडते, पण तिच्या गतीने पडते, ट्रकच्या गतीने नाही. तेव्हा उद्या कुणी किनाऱ्यावर किंवा खाडीत वाळू काढताना दिसला आणि "समुद्र आणून टाकेल हो पुन्हा" म्हणाला, तर त्याला दोन प्रश्न विचारा. ही वाळू येते कुठून? आणि एवढी जमायला वर्षं किती लागली? याची नीट उत्तरं मिळेपर्यंत फावडं लावू देऊ नका. लहान आहात म्हणून गप्प बसू नका.