थकलेला ड्रोन आणि त्याची नोंदवही

फवारणीचा ड्रोन आता आपल्या शिवारात नवलाचा राहिलेला नाही. २०२३ साली केंद्र सरकारने 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर करून १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरविले. यंत्र आले की कौतुक होतेच. दोनतीन हंगामांनंतर ते कितपत भरवशाचे उरते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ट्रॅक्टर बिघडला तर बांधावर उभा राहतो. ड्रोन बिघडला तर खाली येतो, आणि खाली कोण आहे हे तो पाहत नाही!

सर्वांत आधी थकते ती बॅटरी. तिच्यात लिथियमचे अनेक घट एकामागे एक जोडलेले असतात. भरलेला घट सुमारे ४.२ व्होल्ट दाखवितो. वापराने घटाचा अंतर्गत रोध वाढत जातो. आता गंमत पाहा, जमिनीवर मोजले तर जुना घटही ४.२ च दाखवील. पण औषधाची भरली टाकी उचलताना मोठा प्रवाह ओढला गेला, की त्याचा दाब एकदम कोसळतो. शिवाय एक घट दुबळा असला तरी सारी बॅटरी त्याच्याच चालीने चालते. बैलजोडीचे तुम्हाला ठाऊक आहेच.

म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये. प्रत्येक बॅटरीला क्रमांक द्यावा आणि तेवढेच ओझे घेऊन ती किती मिनिटे उडाली ते दर वेळी वहीत लिहावे. गुरुजींनी आठवीच्या मुलांना या मिनिटांचा आलेख काढायला द्यावा. रेषा उतरू लागली की बॅटरीचे वय कळते. फुगलेली बॅटरी मात्र वहीची वाट न पाहता बाजूला काढावी. हंगाम संपल्यावर ती पूर्ण भरून पत्र्याच्या खोलीत ठेवतात, ते चूक. निम्मी भरलेली, थंड जागी ठेवावी.

बाकीचे थोडक्यात सांगतो. फवारणीनंतर टाकी, नळ्या स्वच्छ पाण्याने धुवाव्यात. बॅटरी काढून प्रत्येक मोटार हाताने फिरवावी. खरखर लागली तर बेअरिंग गेले समजा. चिरलेले पाते चिकटवू नये, बदलावे. सहा पंख्यांचा ड्रोन एक पंखा थांबला तरी कधी कधी सावरतो, पण तेव्हा उरलेल्या मोटारींवर जादा भार येतो, आणि त्याही तितक्याच जुन्या असतात बरं का!

पूर्वी मोटेचा नाडा तुटायच्या आधीच बदलीत. ड्रोनच्या बाबतीत अडचण पैशाची येते. बॅटरी हा डिझेलसारखाच चालू खर्च धरावा, आणि गटाने एकरामागे मिळणाऱ्या भाड्यातून तिच्यासाठी ठरावीक रक्कम पहिल्या हंगामापासूनच वेगळी काढावी.